एका गिअरवर मुरुड ते श्रीवर्धन

मुरुडहून श्रीवर्धनला जायला दोन वाटा आहेत. मोटारीची घाई असलेले राजपुरी खाडीला मोठा वळसा घालून म्हसळ्यावरून जातात. दुसरी वाट आगरदांड्याला पाण्यापाशी संपते आणि पलीकडे दिघीला पुन्हा सुरू होते. मधलं पाणी फेरीबोट ओलांडून देते. आमच्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात. तिच्यावर ट्रक चढतो, टेम्पो चढतो, आंब्याच्या पेट्या चढतात आणि एका कोपऱ्यात कठड्याला टेकून सायकलही उभी राहते. सायकलीने जाणाऱ्याला हीच वाट बरी. सगळा प्रवास पन्नास किलोमीटरच्या आसपास होतो. आकडा ऐकायला सोपा वाटतो, पण कोकणातले पन्नास किलोमीटर सपाट नसतात. समुद्राला लागून वाडी, मग डोंगराची एक सोंड, तिच्यावरची खिंड, पलीकडे पुन्हा वाडी, असा हा किनारा मांडलेला आहे.

अशा मुलखात एका गिअरची सायकल चालवणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या डिसेंबरात निघाला. माझा पुतण्या मुंब्र्याहून सुट्टीला आला तो सोबत एक सायकल घेऊन. बारीक टायर, खाली वाकलेलं हँडल, ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड, ना घंटी. ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली तेव्हा शेजारच्या चाचींनी विचारलं, "बाकीची मागून येणार आहे का रे?"

सायकल पूर्ण होती. तिला फिक्स्ड गिअर म्हणतात. आपल्या साध्या सायकलीत मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि आतल्या कुत्र्या टिकटिक वाजत राहतात. फिक्स्ड गिअरमध्ये ते फ्रीव्हीलच नसतं. दातांचं चक्र चाकाला घट्ट आवळलेलं. चाक फिरलं की चेन फिरणार, चेन फिरली की पायडल फिरणार आणि पायडल फिरलं की पाय फिरणार. उतारावर पाय मोकळे सोडून वारा खात बसण्याची सोय नाही. उलट पायडलला मागे रेटा दिला की चाक मंदावतं. याच बळावर ही मुलं ब्रेक काढून टाकतात. पुतण्याच्या सायकलीला एकही ब्रेक नव्हता.

माझी सायकल काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची चाकांची, सळ्यांच्या ब्रेकची. अब्बा जहाजावर होते तेव्हा त्यांनी पाठवलेल्या पैशांतून १९८६ साली घेतलेली. तिच्यावरून मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवायला गेलो. त्या काळात दोनदा रिम बदलली, चेन किती वेळा ते मोजलेलं नाही. वजन वीस किलोच्या वर. तिलाही गिअर एकच, पण फ्रीव्हील आहे. दोघांच्या सायकली चुलतभावंडांसारख्या, एकाच घरातल्या आणि स्वभावाने वेगळ्या.

श्रीवर्धनला माझी धाकटी बहीण राहते. तिच्याकडे जायचं ठरलं होतंच. पुतण्या म्हणाला, "चाचा, सायकलीने जाऊ या." मी म्हटलं, "जाऊ या, पण तुझ्या गाडीला ब्रेक लाव." तो हसला. "फिक्सीला ब्रेक लावत नाहीत, चाचा. पाय हाच ब्रेक."

फजरनंतर निघालो. मुरुडच्या बाजारातून बाहेर पडेपर्यंत रस्ता सपाट आहे, आणि सपाटीवर त्याच्या सायकलीचं कौतुक मला नाकारता येत नाही. आवाज म्हणून नाही. माझी सायकल चेनकव्हरवर घासत, मडगार्ड खुळखुळवत चालली होती, आणि ती पाण्यावरच्या होडीसारखी नुसती सरकत होती. नऊ-दहा किलो वजन, चेन सरळ एका रेषेत, मधे गिअर बदलणाऱ्या स्प्रिंगा नाहीत की चाकं नाहीत. पायाने दिलेला जोर वाटेत फारसा सांडत नाही. पुतण्या सांगत होता की काही दिवसांनी सायकल चालवतोय असं वाटतच नाही, पायांनाच चाकं फुटली आहेत असं वाटतं. मी थोडा वेळ चालवून पाहिली. खरं सांगायचं तर पहिल्या शंभर पावलांत पायडलने मला दोनदा उचलून फेकायचा प्रयत्न केला. बत्तीस वर्षांची पाय थांबवायची सवय अशी एका सकाळीत जात नाही. पण तिसऱ्या वळणावर काहीतरी जुळलं आणि तो काय म्हणतो ते कळलं. सायकल मंदावायची असेल तर आधीच विचार करावा लागतो. पुढे गाय आहे, पलीकडून रिक्षा येते आहे, हे दहा वाव आधी हेरून पाय सैल करावे लागतात. डोळे रस्त्यावरून हलत नाहीत. आजकालच्या मुलांचे डोळे कुठेतरी अर्धा तास एका जागी राहतात हेही काही कमी नाही.

राजपुरीच्या आधी छोटा चढ लागतो. वर पोचलं की खाली एकदम जंजिरा दिसतो, पाण्यात बसलेला, काळा, शांत. इतकी वर्षं पाहूनही तिथे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. जो किल्ला कुणाला लढून घेता आला नाही तो आता रोज शिडाच्या होड्यांतून पर्यटक घेतात. चढ संपवायला पुतण्याला माझ्यापेक्षा जास्त जोर लागला. मला आधी गंमत वाटली, मग कारण लक्षात आलं. माझ्या सायकलीला पुढे ४४ दात, मागे १८. एक पायडल फिरवलं की चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. त्याच्या सायकलीला पुढे ४६, मागे १६. एका फेरीत सहा मीटर. सपाटीवर तेवढाच वेग जास्त, चढावर तेवढंच ओझं जास्त. गिअर एकच असला की दातांचा हिशेब घरी बसून एकदाच करायचा असतो आणि मग दिवसभर त्याच्याशी संसार करायचा असतो. मुंब्र्यात खाडीकाठच्या सरळ रस्त्यावर त्याने केलेला हिशेब चुकीचा नव्हता. तो कोकणात चालत नव्हता, इतकंच.

राजपुरी ओलांडल्यावर आगरदांड्याच्या रस्त्यावर खोकरीचे मकबरे लागतात. तीन दगडी घुमट, सगळ्यांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा. किल्ल्यावर माणसांची रीघ असते, इथे चिटपाखरू नसतं. आम्ही झाडाखाली सायकली टेकवल्या, फातिहा पढली, थर्मासमधला चहा घेतला. पुतण्याने भाकरीचा घास घेता घेता मला फिक्स्ड गिअरचं खानदान सांगितलं आणि त्यातलं थोडं मला आधीच माहीत होतं.

सायकल जन्मली तेव्हा ती अशीच होती. फ्रीव्हील नंतर आलं, गिअर त्याहून नंतर. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि गिअर बदलणारी यंत्रणा तिथे चालू द्यायला १९३७ साल उजाडलं. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी शर्यतवाले उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असायची. एका बाजूचं सपाटीला, दुसऱ्या बाजूचं डोंगराला. आजही फिक्स्ड गिअरच्या बऱ्याच सायकलींचं चाक असंच दुतोंडी असतं. एकीकडे घट्ट चक्र, दुसरीकडे फ्रीव्हील बसवायचे आटे. दुसरं घर जपानचं. तिथे १९४८ साली कोकुरा शहरात केइरीन नावाच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांवर पैजा लागतात, तो भाग आपल्या कामाचा नाही. पण त्या शर्यतींत सगळे बिनब्रेकच्या, फिक्स्ड गिअरच्या सायकलींवर असतात, आणि ते का चालतं हे समजून घेण्यासारखं आहे. धावपट्टी कडेने उचललेली, सगळे एकाच दिशेने जाणारे, मधे चौक नाही, म्हैस नाही, शाळेतून सुटलेलं पोर नाही. अशा जागी एखाद्याने एकदम ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर येऊन आदळतील. तिथे ब्रेक नसण्यातच सुरक्षितता आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये टपाल-पाकिटं पोचवणाऱ्या पोरांनी त्याच सायकली रस्त्यावर आणल्या, कारण त्यांत मोडण्यासारखं काही नव्हतं आणि चोरण्यासारखंही थोडंच होतं. तिथून ती फॅशन झाली, आणि फॅशनबरोबर धावपट्टीवरचा बिनब्रेकचा नियम चौकात आला.

"मग लंडनचं माहीत असेल," मी म्हटलं. २०१६ साली तिथे पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव गेला. दोन मुलांची आई होती. चालवणारा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा. पुढच्या वर्षी कोर्टाने त्याला अठरा महिन्यांची सजा दिली. ब्रिटनच्या कायद्यात सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स्ड चाक त्यांतला एक ब्रेक धरतात, पण पुढच्या चाकाचा दुसरा हवाच. पुतण्याला ही गोष्ट माहीत होती. तो काही बोलला नाही, थर्मासचं झाकण घट्ट करत राहिला.

जेटीवर आम्हाला अर्धा तास थांबावं लागलं. तिथे पाव घेऊन निघालेला एक जण भेटला. मागे कॅरिअरला भलीमोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात आणि त्याच्या भोंग्याने गाव जागं होतं. आमच्याकडे हाक असते, भोंगा कुणाकुणाकडे. आता बहुतेक जण मोटारसायकलीवर आले आहेत, हा अजून सायकलीवर होता. मी विचारलं तर म्हणाला की, दोन्ही हात टोपलीत घालून पाव मोजत असलो तरी ही उभी राहते, स्टार्ट ठेवावी लागत नाही, पेट्रोल पीत नाही. त्याच्या सायकलीला मागे २२ दातांचं फ्रीव्हील होतं. ओझं घेऊन चढायला त्याने मुद्दाम बसवून घेतलेलं. सपाटीवर पाय भरभर मारावे लागतात, पण चढावर उतरावं लागत नाही. पुतण्याने खाली वाकून ते दात मोजले. पाववाल्याने त्याची सायकल उचलून पाहिली, वजनावर खूश झाला, मग हँडलवर ब्रेक शोधला आणि माझ्याकडे पाहिलं.

बोटीवरून जंजिरा बाजूने दिसतो आणि समोर दिघी बंदराचे धक्के. पाणी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, पण दिघीला उतरलं की दम खायला वेळ मिळत नाही. रस्ता डोंगराला लागतो. इथे एका गिअरची खरी परीक्षा होते. उभं राहून पायडल मारलं, नागमोडी चालवलं, आणि एका वळणानंतर मी उतरून सायकल ढकलू लागलो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमच्या पिढीने चढावर सायकल हातात धरून चालणं हे सायकल चालवण्याचाच भाग मानलं होतं. पुतण्याने मात्र जिद्द सोडली नाही. त्याच्या कपाळाच्या शिरा दिसत होत्या, गुडघे प्रत्येक फेरीला कुरकुरत असावेत. जड गिअर चढावर रेटत राहिलं की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. विशीत ते कळत नाही, पन्नाशीत डॉक्टर सांगतो. अखेर तोही उतरला. ज्या सायकलीला सतरा-अठरा गिअर असतात तिच्यावर एखादी शाळकरी मुलगीही हा चढ बसून पार करील, हे कबूल केलं पाहिजे.

वरच्या टोकाला वारा होता आणि पलीकडे उतार. त्या उतारावर नुकतीच डागडुजी झालेली. बारीक खडी अर्ध्या रस्त्यावर पसरलेली, खाली वळणावर शेळ्यांचा कळप.

पुतण्या सायकलीवर बसायला लागला तेव्हा मी त्याच्या हँडलवर हात ठेवला. "पायी उतर."

"चाचा, मी रोज चालवतो."

"रोज हा उतार नसतो."

मी मास्तर माणूस, हिशेबाशिवाय कुणाचं ऐकत नाही आणि कुणाला सांगतही नाही. एका फेरीला सहा मीटर. उतारावर सायकल ताशी तीसवर गेली तर पाय मिनिटाला ऐंशीच्या वर फिरणार. ताशी पंचेचाळीसला सव्वाशे. सव्वाशेने फिरणारे पाय मागे रेटा देऊन थांबवता येतात का? आणि समजा मागचं चाक त्याने अडवलंही, तरी थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होऊन घसरू लागतं. म्हणून कुठल्याही सायकलीत थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. खडीवर घसरलेलं मागचं चाक थांबवत नाही, नुसतं वाट सोडतं. पाय पायडलवरून सुटला तर आणखी वाईट. फिरतं पायडल नडगीवर बसतं आणि पुन्हा पाय ठेवता येत नाही. वळणावर सायकल कलली की खालचं पायडल जमिनीला लागू शकतं, आणि फिरणं थांबवता येत नसल्यामुळे ते वर धरून ठेवायचीही सोय नसते.

त्याने एक डाव टाकला. "चाक उलटं करतो. दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचे आटे आहेत."

"फ्रीव्हील आहे का जवळ?"

"नाही."

"असतं तरी त्यानं थांबला असतास कशानं?"

तो हसला, मीही हसलो, पण हात काढला नाही. फ्रीव्हील बसवलं की पायाचाही ब्रेक जातो. बिनब्रेकच्या सायकलीला फ्रीव्हील म्हणजे नुसता धोंडा, डोंगरावरून सोडलेला. आम्ही दोघेही पायी उतरलो. मी माझे ब्रेक असूनही उतरलो, कारण सोबत्याला एकट्याला चालायला लावलं की त्याचा अपमान होतो. पाऊण तास गेला. शेळ्यांनी रस्ता सोडायला बराच वेळ घेतला. शेळ्या राखणारी म्हातारी आम्हाला पाहून म्हणाली, "पंक्चर झाली की काय रे दोगांची?"

बोर्ली पंचतनच्या बाजारात सायकलीचं एक दुकान सापडलं. खरं तर अर्धं दुकान, कारण पुढच्या अर्ध्यात मोटारसायकलीचे टायर होते. कारागीर साठीचा, कानाला पेन्सिल. त्याने सायकल उलटी टांगली, चाक फिरवलं, पायडल बरोबर फिरलं तसा हसला आणि म्हणाला की, सर्कसवाले अशी आणायचे. मग त्याने डब्यातून जुने ब्रेक काढले. पहिले दोन बसले नाहीत. एकाचे हात लांब, एकाचा बोल्ट आखूड. तिसरा एका मुलांच्या सायकलीचा होता, तो पुढच्या फोर्कच्या भोकात बसला. हँडलला मुठीचा दांडा, नवी वायर, नवे रबर.

मला खरं नवल त्याच्या पुढे वाटलं. पुतण्याने सहज विचारलं की, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसेल का. कारागिराने फळीवरून लुधियानाचं, १८ दातांचं, आपल्या दूधवाल्याच्या सायकलीला असतं तसं फ्रीव्हील काढलं आणि त्या परदेशी चाकावर हाताने फिरवलं. ते सहज बसत गेलं. आटे तेच, चेनची रुंदीही तीच. इंग्रजांच्या काळात ठरलेलं माप आपल्या काळ्या सायकलीत जसंच्या तसं राहिलं आणि त्या फॅशनच्या सायकलीतही. चेन थोडी आखूड पडली, त्याने जुन्या चेनचा एक तुकडा जोडून वाढवली. मजुरीसकट अडीचशे रुपये झाले. तीस गिअरची महागडी सायकल त्या दुकानात बिघडली असती तर तिला टेम्पोत घालून पनवेलला न्यावी लागली असती. माझ्या मते एका गिअरचा सगळ्यांत मोठा गुण हाच. ती बोर्लीत दुरुस्त होते.

समुद्राकाठी या गुणाला आणखी वजन येतं. खारा वारा लोखंड खातो. गिअर बदलणाऱ्या सायकलीत बारीक वायरी, स्प्रिंगा, नाजूक चेन आणि सात-आठ चक्रं असतात. एका पावसाळ्यात ती सगळी गंजून एकमेकांना धरून बसतात. एका गिअरची जाड चेन गंजली तरी खोबरेलाच्या चार थेंबांवर पुन्हा चालू लागते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सुपाऱ्यांच्या वाड्या झोपल्या, खांब पडले, रस्ते झाडांनी बंद. मोटारी उभ्या राहिल्या. सायकलवाला माणूस सायकल खांद्यावर घेऊन पडलेल्या फणसावरून पलीकडे उतरत होता आणि औषधं, मेणबत्त्या, निरोप पोचवत होता. योगायोग असा की, त्याच दिवशी, जागतिक सायकल दिनालाच, उत्तरेत साहिबाबादला ॲटलस सायकलींच्या कारखान्याचं काम बंद पडल्याची बातमी होती. ती आम्हाला बऱ्याच उशिरा कळली, कारण फोन बंद होते.

बोर्लीहून दिवेआगरचा रस्ता सोपा. जोहरची नमाज तिथे पढून आम्ही समुद्राची वाट धरली. भरडखोल, शेखाडी, आरावी, कोंडिवली अशी गावं एकामागून एक लागतात, आणि मधे मधे रस्ता पाण्याच्या इतका जवळ येतो की, भरतीला तुषार अंगावर येतात. भरडखोलला मासळी वाळत घातलेली, वास आधी येतो आणि गाव नंतर. इथले चढ लहान आहेत, एका दमात होणारे. १८ दात आणि पुढचा ब्रेक मिळाल्यावर पुतण्या वेगळाच माणूस झाला. उतारावर तो पहिल्यांदाच पाय थांबवून बसला, फ्रीव्हील टिकटिक वाजू लागलं आणि त्याने ओरडून सांगितलं, "चाचा, ऐका!" मी तो आवाज चाळीस वर्षं ऐकतोय. पण शेखाडीच्या पुढच्या सपाटीवर त्याने सायकल थांबवली, खिशातला पाना काढला आणि चाक उलटं करून पुन्हा फिक्स्ड केली. ब्रेक मात्र ठेवला. सपाटीवर ती अशीच छान लागते म्हणाला. माझी हरकत नव्हती. सकाळी मीच तिच्यावर शंभर पावलं हसत गेलो होतो.

श्रीवर्धनला असरच्या वेळेला पोचलो. बहिणीच्या दारात सुपारी वाळत घातलेली, रोठा सुपारी, या गावची शान. वादळात गेलेल्या झाडांच्या जागी तिने लावलेली रोपं आता कमरेपर्यंत आली आहेत. भाची बाहेर आली, दोन्ही सायकली नीट पाहिल्या आणि पुतण्याला विचारलं, "भाईजान, याला स्टँडपण नाही? मग ठेवता कुठे?"

जेवताना बहिणीने असली विषय काढला. भाची यंदा दहावीला. पुढच्या वर्षी कॉलेज सहा किलोमीटरवर, वाटेत एक चढ. एसटीची वेळ जुळत नाही, रिक्षाचा महिन्याचा खर्च परवडत नाही, आणि तिच्या अब्बांना मुलीने एवढ्या लांब सायकलीने जाणं पसंत नाही. "भाई, तुम्ही सांगा," बहीण म्हणाली. मेहुणे ताटाकडे पाहत होते.

मी मेहुण्यांना म्हटलं, "तुम्हाला रस्त्याची काळजी आहे की लोकांची?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रस्त्याची. ट्रक येतात." रस्त्याची काळजी असेल तर तिच्यावर बोलता येतं. सकाळी मी आणि ते दोघं स्कूटरवरून तो रस्ता पाहून आलो. ट्रक मुख्य रस्त्याने जातात. वाड्यांमधून जुनी वाट आहे, अर्धा किलोमीटर लांब पण सावलीची, आणि त्या वाटेने तीन मुली आधीच जातात. त्या मुलींपैकी एकीचे अब्बा मेहुण्यांच्या ओळखीचे निघाले.

पुतण्याला भाचीला आपल्यासारखी सायकल द्यायची होती. मी नको म्हटलं, आणि यात मी ठाम आहे. फिक्स्ड गिअरमध्ये उघड्या चेनमध्ये काही अडकलं तर पाय थांबवून सोडवता येत नाही. चाक ओढतच नेतं. ओढणी असो, बुरख्याचा घेर असो, सलवारची मोहरी असो. साफ करताना फिरत्या चेनमध्ये बोट गेलं तर बोट जातं. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे अशी सायकल उलटी करून, चाक फिरतं सोडून कुणी उठू नये. भाचीला हवी होती ती लेडीज सायकल: २६ इंची, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, दोन ब्रेक, पुढे टोपली, घंटी, मागे लाल काच. गिअर एकच.

तिने विचारलं, "मामू, चढाचं काय?"

बाजारातल्या दुकानात आम्ही पाचही जण गेलो. सायकल निवडली, रंगावरून मायलेकींत थोडी घासाघीस झाली, निळी ठरली. तिला कारखान्यातून आलेलं फ्रीव्हील १८ दातांचं होतं. मी दुकानदाराला म्हटलं की, हे काढा आणि २२ चं बसवा, जेटीवरच्या पाववाल्याला आहे तसं. तो म्हणाला की, २२ नाही, २० बघतो, आणि फळीवरचा डबा खाली काढला. पुतण्या भाचीला पाना कसा धरायचा ते दाखवत होता, आणि मेहुणे ब्रेकची मूठ पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते.